मृगाच्या आधी पाळीवर या

मृग लागायला पाच आठवडे उरलेत आणि आमच्या गावच्या तलावाचं पाणी तुडुमाच्या शेवटच्या भोकाखाली उतरलंय. वर्षातले एवढेच दिवस तलावाचं पोट उघडं असतं. गाळ काढायचा तर आता, बेशरमीची झुडपं उपटायची तर आता, पाळीतली बिळं बुजवायची तर आता. एकदा पाणी चढलं की पुढच्या वैशाखापर्यंत नुसतं बघत बसायचं. म्हणून हे आवाहन घाईनं लिहितोय. वाक्य कुठे वाकडं पडलं तर समजून घ्या.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. आजोबा छोट्या रेल्वेत गँगमन होते आणि घरी चार बांध्या धानाच्या. तलाव, रूळ आणि धान या तिन्हींवर आमचं घर उभं राहिलं. जिल्ह्यातल्या निम्म्या घरांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच असेल.

तुडुम पुष्कळ तरुण मंडळींनी पाहिलेलं नसतं. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यात उभं असलेलं दगडी बांधकाम. त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचा खुंट ठोकलेला. पाणी भरपूर असताना सगळ्यात वरचा खुंट काढायचा, पाणी उतरेल तसा त्याखालचा. वरचं निवळ पाणी पाटानं बांध्यांत जातं आणि गाळ तळाशी राहतो. लहानपणी मी आमच्या पाणकराच्या मागे हिंडायचो. छातीभर पाण्यात उतरून, एक हात तुडुमाला धरून, दुसऱ्या हातानं तो खुंट असा पिरगाळायचा की भक्‌ असा आवाज व्हायचा आणि पाळीपलीकडच्या पाटात उभी असलेली पोरं ओरडायची, "आलं, आलं!" कुणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाणार याचा हिशेब त्याच्या डोक्यात असायचा. कागद नव्हता, भांडणं मात्र होती, आणि ती पाळीवरच मिटायची. आज त्या तुडुमाचे वरचे दोन दगड निखळलेत आणि तिसऱ्या भोकात कुणीतरी सिमेंटचं पोतं कोंबलंय.

आपल्याच तलावाकडे आपण बघत नाही. सुट्ट्या लागल्या की गोंदियाहून निघणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसला वेटिंग असतं. मुंबई, तिथून अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली. लेकरांना समुद्र दाखवावा, जरूर दाखवावा. पण परत आल्यावर "आपल्या गोंदियात काय आहे पाहायला, राईस मिली आणि डास" असं म्हणणारे आपणच असतो. आपल्याकडे समुद्र नाही. आपला काठ म्हणजे पाळ. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांची, ज्यांना आपण लाडानं मामा तलाव म्हणतो, त्यांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. त्यातले कितीतरी गोंदिया-भंडाऱ्यात आहेत. प्रत्येकाची पाळ जोडत गेलो तर कोकणाच्या किनाऱ्याला टक्कर देईल की नाही, हे गणिताच्या शिक्षकांनी सुट्टीत करून बघावं.

इतके तलाव इथेच का, याचं उत्तर पायाखालच्या दगडात आहे. सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा. नागपूरच्या आसपास तो संपतो. तिथून पूर्वेला आलात की तुम्ही महाराष्ट्राच्या फार जुन्या भुईवर पाय ठेवता. आमगावचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत 'आमगाव नाइस' म्हणून आहे. नाइस म्हणजे छान नव्हे; भाजून, दाबून, पट्टे पडलेला खडक. त्याचं वय दोनशे कोटी वर्षांच्याही मागे जातं. सालेकसा-दरेकसाच्या पट्ट्यात 'बिजली रायोलाइट' भेटतो, ज्वालामुखीतून आलेला कठीण दगड. बिजली हे वीजबीज काही नसून एका गावाचं नाव. आपल्या दोन गावांची नावं जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडी आहेत, आणि आमच्या शाळेच्या भूगोलाच्या तासाला मी स्वतः वीस वर्षं डेक्कन ट्रॅप शिकवत होतो. ही चूक माझी.

तर हा खडक पाणी पीत नाही. वरच्या मुरुमात आणि भेगांत जे मावेल तेवढंच. पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटर, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतारावरून आला तसा वाघ नदीला, तिथून वैनगंगेला. विहीर खोदून भागण्यासारखं नव्हतं. पण जमीन मात्र बुटक्या टेकड्यांची, मध्ये खोलगट, दोन टेकड्यांच्या मध्ये फट. ती फट मातीनं बंद केली की तलाव तयार. तलाव बांधणाऱ्या कोहळी मंडळींना हे डोळ्यांनी कळायचं. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचा रिवाज ठेवला होता असं सांगतात, आणि त्या बोलीवर कोहळ्यांनी अख्खी झाडीपट्टी ओली केली. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भोवती सात बहिणींचे डोंगर, त्यांच्या मधल्या वाटा पाळींनी बंद केलेल्या, आणि आत साधारण अकरा चौरस किलोमीटर पाणी. बांधणारा माणूस पुढे कोलासुर नावाचा देव झाला. बांधकाम खात्यातल्या कुणाचा देव झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

दगड, तलाव, धान, रेल्वे, गिरणी ही आपल्या जिल्ह्यात पाच वेगवेगळी 'प्रेक्षणीय स्थळं' नाहीत. एकामुळे दुसरं आलं आहे. दगड पाणी धरत नाही म्हणून तलाव. तलाव आहेत म्हणून कन्हार-मोरांड सोडाच, सिहार-खरडीवरही धान. धान आहे म्हणून गिरण्या. आणि धान-लाकूड न्यायला रूळ. यातली एक कडी तुटली की बाकीच्या फक्त फोटोपुरत्या उरतात. आणि सध्या सगळ्यात कच्ची कडी तलावाची आहे.

ती कच्ची का झाली? मालगुजारी गेली त्याचं कुणाला दुःख नाही. 1950 चा कायदा झाला, 1951 साली तलाव सरकारकडे आले, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मालगुजाराचा जुलूम गेला हे बरंच झालं. पण त्याच्यासोबत पाळीची दरवर्षीची डागडुजीही गेली. आधी गावातल्या प्रत्येक घरानं पाळीवर माती टाकायची रीत होती. तलाव सरकारचा झाला तशी मातीही सरकारनंच टाकायची ठरली. आता बहुतेक मामा तलाव जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, पाणी शेतकऱ्याचं, तलावाच्या पोटातलं गवत जनावरांचं आणि कोरड पडली की पोटात नांगर घालणारे वेगळेच. धनी पाच, राखणदार कुणीच नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांनी सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी व्याख्येतून वगळली. तीनशे वर्षं ज्या पाण्यात कमळं फुलली, बदकं उतरली, मरळ-शिंगीनं अंडी घातली, ते पाणी कागदावर एक बांधकाम. वन्यजीव म्हणून त्याला कुणी वाली नाही आणि बांधकाम म्हणून निधी नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. मृग त्याच्यासाठी थांबणार नाही.

आणि गाळ काढण्याबद्दल एक कळकळीची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका गावात गाळ काढायचं काम निघालं. आम्ही खूश. एका कंत्राटदाराच्या दोन जेसीबी आल्या, आठ दिवसांत तलावाच्या मधोमध विहिरीसारखा खड्डा, कडेला भिंतीसारखा उभा काप, आणि चांगला मुरूम ट्रॉल्या भरभरून कुठेतरी रस्त्याच्या कामावर. पाळीच्या पायथ्यालाही बकेट लावली. पाऊस आला, खड्डा भरला, वरून बघताना तलाव छान दिसत होता. पण काठाचा उथळ उतार गेला होता. पाण्यातलं देवधान उगवलं नाही, गाद उगवली नाही, अंडी घालायला माशांना जागा राहिली नाही, आणि पाळ एका जागी ओघळायला लागली. ते गाळ काढणं नव्हे, ती खदान होती. माझंही चुकलं, मी उद्घाटनाला नारळ फोडायला गेलो होतो आणि नंतर फिरकलो नाही.

उलट बाजूही सांगतो. आमच्याच अर्जुनी मोरगाव भागात मासेमार ढिवर मंडळींनी, विशेषतः बायकांनी, 'फीड' या संस्थेच्या सोबतीनं काही तलाव हातानं सुधारले. आधी बेशरम मुळासकट उपटली. मग कोरड्या पोटात नांगर फिरवला आणि पाण्यातल्या देशी वनस्पती धानाच्या रोवणीसारख्या रोवल्या. पाणी आलं, झाडोरा आला, त्यामागे देशी मासे आले, माशांमागे पक्षी. रोहू-कतलाचं बी आणून सोडायचं, पकडून विकायचं, पुन्हा आणायचं, यापेक्षा हे वेगळं गणित आहे. कुठला मासा कुठल्या गवतात राहतो हे त्या बायांना तोंडपाठ. मी विज्ञान शिकवलेला माणूस, त्यांच्यापुढे पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. गाळ काढण्यापूर्वी गावातल्या ढिवराला विचारा. अभियंत्याला नंतर विचारा, पण विचारा दोघांनाही.

सारसाबद्दल वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियाला यावं लागतं, आणि सगळ्या जिल्ह्यात मोजायला गेलं तर पन्नाशी गाठत नाही. परसवाडा तलावाच्या परिसरात पहाटे माणसाएवढी उंच जोडी एका सुरात ओरडते तेव्हा अंगावर काटा येतो. सारस उथळ पाण्याच्या काठाला आणि धानाच्या बांधीत घरटं करतो, बहुधा दोन अंडी. काठ गेला की घरटं गेलं. विजेच्या तारा आणि फवारणी आहेतच. ज्या शेतकऱ्यांनी घरट्यापुरता धान कापायचा सोडला, त्यांना आमचा दंडवत.

आता रुळांकडे येतो, कारण भंगारवाला तर मृगाचीही वाट बघत नाही.

1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड लाईन इथून गेली, 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं ती घेतली आणि मोठी केली. पुढे 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत सातपुड्याची छोटी रेल्वे गेली, आणि नंतर खाली नागभीडकडची फाटली. गोंदिया जंक्शन झालं ते तेव्हा. स्टेशनभोवती धानाच्या गिरण्या, तेंदूपानांची गोदामं, विडीचे कारखाने वसले. छोट्या गाडीच्या रुळांची रुंदी 2 फूट 6 इंच. कालका-शिमल्याची गाडी याच मापाची. तिला 2008 साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपल्या मापाच्या गाडीला आपण 'धावत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढता येतं' एवढ्या विनोदावर निरोप दिला. मोठी लाईन झाली हे उत्तम झालं. नागभीडकडची नव्वदच्या दशकात झाली, जबलपूरकडची पूर्ण व्हायला 2021 उजाडलं. आजारी माणूस आता लवकर नागपूरला पोचतो. त्यावर रडायचं कारण नाही. पण मोठी लाईन टाकताना छोटीची प्रत्येक खूण पुसलीच पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

माझ्याकडे आजोबांचा कंदील आहे, एका काचेला हिरवा आणि एकीला लाल रंग, घासलेटाचा वास अजून जात नाही. आणि जाड पुठ्ठ्याचं एक तिकीट, बोटभर, त्यावर सौंदडचं नाव निम्मं पुसलेलं. असं तुमच्याही माळ्यावर काही असेल. सरईचा स्लीपर कुणाच्या गोठ्याचा उंबरठा झाला असेल. जुन्या गिरणीतला धान भरडायचा हालर, लाकडी पंखा, पट्ट्याची मोठी चक्रं, गिरणीच्या मालकाला जागा अडवणारं भंगार वाटत असेल. रबर रोलच्या मशिनीनं कनकी कमी पडते, तांदूळ पांढराशुभ्र निघतो, मान्य. पण एक जुना हालर गिरणीच्या कोपऱ्यात ठेवायला किती जागा लागते? लुचई, चिन्नोर, दुबराज कुटताना त्याचा आवाज कसा यायचा हे सांगणारे मिस्त्री अजून आहेत, ऐंशीच्या घरात. त्यांच्याजवळ मोबाईल घेऊन बसा. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे एकदा लेकरांना न्या. आणि परत येताना स्वतःला विचारा, की ज्या जंक्शनवरून ती गाडी सुटायची त्या गोंदियात एक खोली का नाही.

पाहुण्यांबद्दल थोडंसं. पाहुणे यावेत, जरूर यावेत. त्यांच्याशिवाय नवेगावच्या नावाड्याची चूल पेटत नाही. नागझिरा 1970 पासून अभयारण्य, नवेगाव 1975 पासून राष्ट्रीय उद्यान, 2013 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. वाघ बघायला लोक येतात आणि जिप्सीतून जातात, तलावाच्या पाळीवर पाच मिनिटं उतरत नाहीत. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींनी याच पाण्याच्या काठानं, इथल्या ढिवर-गोंडांच्या तोंडून ऐकत, पक्ष्यांची आणि झाडांची नावं मराठीला दिली. त्यांची नवेगावातली पायवाट धरून चालायची असेल तर सकाळी सहाला या, अकराला नाही. हाजरा धबधब्याला जुलै-ऑगस्टमध्ये जत्रा भरते. धबधबा दरेकसा स्टेशनाच्या जवळ, आणि इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा बोगदाही तिथलाच. तिथे पाण्यात भिजा, पण ज्या दगडावर भिजता त्याचं वयही लेकरांना सांगा, आणि नावं कोरू नका. दोनशे कोटी वर्षांत त्याच्यावर कुणाचं 'लव्ह' टिकलेलं नाही.

कचारगड मात्र सहलीचं ठिकाण नव्हे. धनेगावच्या पुढची ती गुहा म्हणजे गोंड समाजाचं, त्यांच्या कोया पुनेम धर्माचं मूळ ठिकाण. माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक चालत येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी कोंडलेल्या लेकरांना इथून सोडवलं, ही त्यांची गाथा. तिथे जाणाऱ्यानं देवळात जाताना वागतो तसं वागावं. प्रतापगडलाही तेच. एकाच डोंगरावर महादेव आणि दर्गा, आणि महाशिवरात्रीच्या गर्दीत कोण कुठे डोकं टेकवतो हे विचारायची तिथे पद्धत नाही. तिथून जवळ गोठणगावकडे तिबेटी वस्ती आहे, इटियाडोहचं धरण आहे. हे सगळं एका दिवसात 'कव्हर' करू नका. एका गावात मुक्काम करा, तांदळाची भाकर आणि बोटीतून आलेली ताजी मासळी खा, पैसे त्या गावात ठेवा.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो.

तुमच्या गावच्या तलावाची पाळ या आठवड्यात एकदा चालून या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे ओल आहे, कुठे बीळ, कुठे सांडव्यात माती भरलीय, कुणी येवा अडवलाय का, हे वहीत लिहा. ग्रामसभेत ती वही ठेवा आणि ठरावात नोंद घ्यायला लावा. तोंडी तक्रारीला पाऊस विचारत नाही. गाळ काढायची योजना गावात येणार असेल तर 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'चा फलक लागण्याआधी चार अटी घाला: काठाचा उतार तसाच राहील, पाळीच्या पायथ्याला मशीन लागणार नाही, पोटातली एक बाजू झाडोऱ्यासाठी सोडली जाईल, आणि माती गावच्याच शेतात जाईल. बेशरम कापू नका, उपटा. कापलेली प्रत्येक कांडी पुन्हा फुटते. उपटून पाळीवरच टाकाल तर तीही जगते, तेव्हा वाळवा आणि जाळा.

पुण्या-मुंबईत, रायपूर-भिलाईत, दुबईत असलेल्या आपल्या पोरांनो, पैसे पाठवण्याआधी एक फोन करा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तलाव कुणी बांधला, पाणकर कोण होता, सांडवा कुठून वाहायचा. उत्तर रेकॉर्ड करा. पुढच्या उन्हाळ्यात तो फोन उचलायला ते असतीलच असं नाही.

आमच्या गावी काम रविवारपासून सुरू होतंय. पहाटे पाचला पाळीवर, नऊला ऊन चढायच्या आत बंद. फावडं, घमेलं, आणि बेशरमीचा चीक अंगाला खाजतो म्हणून पूर्ण बाह्यांचं जुनं शर्ट, एवढं घेऊन या. तेंदूपानांचे दिवस आहेत, निम्मी घरं जंगलात गेलेली असतात, त्यामुळे हात कमी पडणार. आंबील आणि कांदा आमच्याकडे लागला. तुडुमाचे दोन दगड पोरांनी गाळातून हुडकून काढून चिंचेखाली ठेवलेत. ते उचलायला सहा माणसं लागतात आणि आत्ता आम्ही चारच आहोत.